आमची वाटचाल: पोपटाची शेपटी

आमचं दुकान कसब्यातल्या तांबट आळीत. आजोबांनी जन्मभर तांब्याचे हंडे आणि बंब मठारले. मग घरोघर स्टील आलं, बंबाची जागा गिझरने घेतली आणि वडील पितळी अडकित्त्यांकडे वळले. पुढची वीस वर्षं बरी गेली.

आमचं नाव झालं ते पोपटाच्या आकाराच्या अडकित्त्यामुळे. वडिलांनी सागवानात कोरलेला मूळ पोपट अजून माझ्याकडे आहे. खिळी म्हणजेच त्याचा डोळा, सुपारी बसते गळ्यात आणि दोन दांड्यांची होते शेपटी. ओतकाम वाळूच्या साच्यात. पितळ वितळलं की जस्त पांढरा धूर होऊन उडतं, म्हणून ते थोडं वाढवूनच घालायचं. पण खरी परीक्षा खिळीची. खालचा दांडा हातात धरला की वरचा स्वतःच्या वजनाने मिटला पाहिजे, आणि तरी डुगडुगता कामा नये. शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघा. नक्षी सगळेच बघतात, तुम्ही सांधा बघा.

2009 साली एक निर्यातदार आला. सहाशे नग हवेत, पण पात्याला धार नको, टेबलावर शोभले म्हणजे झालं. वडील म्हणाले, "न कातरणारा अडकित्ता म्हणजे खेळणं." मी ऐकलं नाही. पितळ उधारीवर उचललं, दोन कारागीर ठेवले. दोनशे नग गेल्यावर साहेबांना फिनिशिंग पटेनासं झालं. पैसे अडकले, आईच्या पाटल्या गहाण पडल्या. वर्षभरात आमचाच पोपट एका भेटवस्तूंच्या दुकानात दिसला. निम्म्या किमतीत, डोळा रंगवलेला, सांधा ठप्प. (नव्या पोरांना सांगतो: निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय भट्टी पेटवू नका, आणि नमुना फुकट देऊ नका.)

त्या दिवसांत सदाशिव पेठेतल्या काकू आल्या. दरवर्षी गौरीगणपतीआधी धार लावून न्यायच्या. भट्टी थंड बघून काही विचारलं नाही. तीन नातसुनांसाठी तीन विळ्या सांगितल्या आणि पैसे आधीच मोजले. "पातं मोराच्या मानेसारखं वळव, आणि खवणी त्याचा तुरा दिसू दे." मान जास्त वळवली तर भाजी पात्यावरून घसरते, कमी वळवली तर बगळा होतो. चौथ्या पात्याला मोर जमला. आज आमच्याकडे सर्वांत जास्त खपते ती हीच विळी. घेतलीत तर चिंचेने पितळ घासल्यावर लगेच कोरडं करा, आणि कृपा करून भिंतीवर टांगू नका.

राहिली गोष्ट पोपटाची. आमच्या सागवानी नमुन्याची शेपटी उंदराने कुरतडलेली आहे. ती खाच ओतकामात प्रत्येक नगावर उतरते आणि आम्ही ती कानशीने काढतो. त्या साहेबांनी नेलेल्या पहिल्या नमुन्यावर घाईत कानस मारायची राहिली होती. त्यांचा पोपट अजून बाजारात मिळतो. दिसला तर शेपटीवरून अंगठा फिरवा, उंदराचे दात लागतील.