वंश ठरवणारी कचेरी

केपटाउनला गेलेला माणूस टेबल माउंटनवर जातो, पेंग्विन बघतो, समुद्रकाठी जेवतो. आम्हीही ते सगळं केलं. पेंग्विन गोड आहेत, पण त्यांच्यावर इतकं लिहून झालंय की मी थेट क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच येते.

या रस्त्यावर हायकोर्टाची एक जुनी इमारत आहे. तिच्यासमोर फुटपाथवर दोन लाकडी बाकडी आहेत. एकावर लिहिलंय 'फक्त गोऱ्यांसाठी', दुसऱ्यावर 'फक्त गोरेतरांसाठी'. रॉडरिक सॉल्स या कलाकाराने ती स्मारक म्हणून मांडली आहेत. बहुतेक पर्यटक फोटो काढून पुढे सटकतात. नवरा पाय दुखतायत म्हणून जे जवळ होतं त्यावर टेकला आणि मी माहिती वाचत बसले. वाचून कळलं की बाकड्यांसाठी ही जागा उगाच निवडलेली नाही. १९६० च्या दशकात, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी राजवटीत, याच इमारतीतल्या एका खोलीत, अमुक माणूस कोणत्या वंशाचा याची सुनावणी चालायची.

माणसाचा वंश कोर्टात कसा ठरवणार? १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाला एका खणात टाकायचं ठरवलं: गोरे, नेटिव्ह (म्हणजे काळे आफ्रिकी) आणि कलर्ड (मुख्यतः मिश्र वंशाचे). भारतीयांना सुरुवातीला कलर्डांचाच एक पोटविभाग धरलं होतं. रक्ताच्या शुद्धतेच्या एवढ्या बाता मारणाऱ्या सरकारने गोऱ्याची व्याख्या केली ती अशी: जो दिसायला उघडपणे गोरा आहे, किंवा ज्याला लोक सर्वसाधारणपणे गोरा मानतात तो. आणि कलर्ड कोण? जो गोराही नाही आणि नेटिव्हही नाही तो. म्हणजे उरलासुरला. शेजारी काय म्हणतात, ऊठबस कोणाबरोबर आहे, यावरून फाइलवर शेरा पडायचा. पेन्सिलीची परीक्षा तर कुप्रसिद्धच आहे. केसांत पेन्सिल खोचायची. घसरून पडली तर गोरा, अडकली तर नाही. त्या पेन्सिलीवर घर, शाळा, नोकरी आणि लग्न लटकलेलं असायचं, कारण गोऱ्या-गोरेतरांच्या लग्नाला १९४९ पासूनच बंदी होती. सख्ख्या भावंडांचे खण वेगळे झाल्याची उदाहरणं आहेत.

सँड्रा लेंगची गोष्ट मी आधी वाचली होती, पण त्या फुटपाथवर ती पुन्हा आठवली. १९५५ मध्ये गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेली ही मुलगी रंगाने सावळी, केस कुरळे. दहा वर्षांची असताना, १९६६ मध्ये, तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढून टाकलं आणि कागदावर कलर्ड केलं. बाप लढला. पुढे कायद्यातच बदल झाला, दोन्ही पालक गोरे तर मूल गोरं, आणि सँड्रा कागदावर परत गोरी झाली. मुलगी तीच, केस तेच. गोऱ्या मुलांच्या पालकांना अर्थात या दुरुस्तीने काही फरक पडला नाही. पुढे तिने एका काळ्या माणसाशी संसार मांडला, तेव्हा मुलांजवळ राहता यावं म्हणून तिलाच पुन्हा कलर्ड व्हायचं होतं.

असे खण बदलणारे एकटेदुकटे नव्हते. १९८५ सालचे आकडे संसदेत जाहीर झाले होते: ७०२ कलर्ड गोरे झाले, १९ गोरे कलर्ड झाले. काळ्याचा गोरा किंवा गोऱ्याचा काळा मात्र एकही नाही. भिंत कुठे पातळ ठेवायची आणि कुठे जाड, हे सरकारला बरोबर कळत होतं.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर स्लेव्ह लॉज आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६७९ मध्ये आपल्या गुलामांसाठी बांधलेलं. इथे आणलेली माणसं मादागास्करची, मोझांबिकची, इंडोनेशियाची आणि, आपल्याकडे हे फारसं माहीत नसतं, बंगालची आणि मलबारचीही. मालकांनी काहींना महिन्यांची नावं दिली. सप्टेंबर, फेब्रुवारी ही आडनावं इथे आजही सर्रास आहेत. युरोपातले, आशियातले, मूळचे खोइखोइ आणि सान, सगळे या बंदरात शतकानुशतकं मिसळत आले. अशा शहरात बसून कोणी शुद्ध खण आखत होतं, यावर हसावं की चिडावं कळत नाही. अनुवंशशास्त्रज्ञ तर १९७० च्या दशकापासून सांगतायत की माणसामाणसांतले बहुतेक जनुकीय फरक एकाच गटाच्या आत सापडतात, दोन गटांमधले त्या मानाने फारच थोडे.

डिस्ट्रिक्ट सिक्स या केपटाउनमधल्या जुन्या वस्तीचं संग्रहालय एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये आहे. जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा पसरलाय आणि जुन्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी नावं लिहिली आहेत. त्यावरून चालताना पाय नकळत आखडते पडतात. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ही मिश्र वस्ती गोऱ्यांची म्हणून जाहीर झाली आणि ६० हजारांहून जास्त माणसं उचलून शहराबाहेरच्या केप फ्लॅट्सवर, वाळूच्या माळावर नेऊन टाकली. घरं पाडली, चर्च आणि मशिदी तेवढ्या ठेवल्या. एवढा खटाटोप करून बरीचशी जमीन पुढे कित्येक वर्षं ओसाडच पडून होती.

दुसऱ्या दिवशी स्टेलनबोश या जवळच्या गावाला जायला गाडी केली. निघताना गेस्टहाउसच्या मालकांनी बजावलं, "ड्रायव्हर कलर्ड आहे, पण चांगला आहे." त्या 'पण'वर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मालक स्वतः भारतीय वंशाचे, आणि आजोबांना कसं हाकललं हे आदल्या रात्रीच डोळ्यांत पाणी आणून सांगत होते.

ड्रायव्हर केप फ्लॅट्सवरच्या मिचेल्स प्लेन वस्तीतला, पन्नाशीचा, बोलका. त्याने आधी विचारलं, "तुम्ही भारतीय ना? दुकान कशाचं आहे?" नवरा शिक्षक आहे म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. एन-टू रस्त्याच्या कडेने पत्र्याची घरं सुरू झाली तसा तो गंभीर झाला. "आमच्याकडे टोळ्या आहेत, खोटं कशाला बोलू? पण माझ्या आजीची गल्ली मोडली, मावशा चार दिशांना गेल्या, बाप कामावर जायला पहाटे निघायचा. पोरांवर नजर ठेवणारं कोणी उरलंच नाही. आता लोक म्हणतात, या जातीचा स्वभावच तसा."

त्याने हे जितकं सरळ सांगितलं तितकं मला कुठल्या संग्रहालयात सापडलं नाही. कायद्याने आधी परिस्थिती घडवायची आणि मग तीच परिस्थिती दाखवून म्हणायचं, बघा, हे असेच. पश्चिम केपमध्ये तर कलर्ड मजुरांना प्राधान्य आणि काळ्यांना मज्जाव असं सरकारी धोरणच होतं. त्यातून पेरलेला संशय अजून उगवतोय. हाच ड्रायव्हर थोड्या वेळाने काळ्या टॅक्सीवाल्यांबद्दल जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्टेलनबोश देखणं आहे: ओकची झाडं, पांढरी डच घरं, वाइन. पण २०१९ मध्ये इथल्याच विद्यापीठातल्या काही संशोधकांनी कलर्ड बायकांची बौद्धिक क्षमता कमी असल्याचं सुचवणारा निबंध छापला होता. नमुना जेमतेम ६० जणींचा. गदारोळ झाला आणि नियतकालिकाने निबंध मागे घेतला. वर्गवारीचा कायदा १९९१ मध्येच रद्द झाला होता. त्याचा खण मात्र आयताच संशोधनात जाऊन बसला, जणू तो निसर्गानेच आखला होता.

परतीच्या वाटेवर फॉर्मचा विषय निघाला. वंशाचे रकाने फॉर्मवर आजही असतात, फक्त आता ज्याचं त्याने लिहायचं. अन्याय मोजायचा, भरून काढायचा, तर मोजणी लागतेच, हे मला पटतं. त्यातही गमती होतात. वर्णभेदाच्या काळात व्यापारापायी जपान्यांना 'मानद गोरे' केलं होतं, तिथल्याच चिनी वंशाच्या लोकांना नाही. आणि २००८ मध्ये प्रिटोरियाच्या हायकोर्टाने निकाल दिला की वर्णभेदाचा अन्याय भरून काढणाऱ्या कायद्यांपुरते चिनी दक्षिण आफ्रिकी लोक 'काळे' या व्याख्येत मोडतात.

"माझी थोरली कलर्ड लिहिते, तिला स्कॉलरशिप हवी," ड्रायव्हर म्हणाला. "धाकटी रकाना कोराच सोडते आणि घरी येऊन भांडते."

"आणि तुम्ही?"

"मी आधी विचारतो, फॉर्म कशाचा आहे?" तो मोठ्याने हसला. मग आरशातून मागे बघत म्हणाला, "तुमच्याकडच्या फॉर्मवर काय विचारतात?"

मी सांगायला सुरुवात केली. गेस्टहाउस आलं तेव्हा आम्ही जेमतेम पोटजातींपर्यंत पोचलो होतो.