फरियादीचा रकाना

"पूरा भरोसा है," आजी म्हणाल्या, आणि मी टॅबवरचा शेवटचा पर्याय दाबला. त्या गल्लीतलं हे माझं अकरावं घर. दहा घरांत हेच उत्तर मिळालं होतं.

इंदूरचा मिल भाग. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल या गिरण्यांचे भोंगे केव्हाच बंद झाले. आमचा अभ्यास विषमता, हिंसा आणि पोलिसांवरचा विश्वास यांचा. प्रश्नावली एकच, ती या भागातल्या वस्त्यांतही विचारायची आणि पलासिया-साकेतकडच्या सुखवस्तू कॉलन्यांतही. तीन आठवडे झाले होते आणि उत्तरांचा तक्ता मला छळत होता. कॉलन्यांतले लोक "विश्वास? थोडाफार" म्हणत आणि मग अर्धा तास पोलिसांच्या तक्रारी सांगत. वस्तीतले लोक "पूर्ण" म्हणत आणि गप्प बसत. बेन्वा द कुर्सों आणि डॅनियल नेटल यांचा 2021 सालचा शोधनिबंध मी दोनदा वाचला होता. विषमता आणि वंचना असेल तिथे गुन्हे जास्त आणि विश्वास कमी का, हाच त्यांचा प्रश्न. आमचा तक्ता मात्र गरिबांचाच विश्वास जास्त, असं सांगत होता.

पुढचा प्रश्न होता, शेवटचं ठाण्यात कधी गेलात. "कभी नहीं गई." तेवढ्यात आईचा फोन आला. "हो गं, उशीर होईल, तू जेवून घे," एवढंच मी बोलले. फोन ठेवला तर आजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"मराठी आहेस? मग एवढा वेळ हिंदी का बोलून राहिलीस? कुठली तू?"

"रामबागेतली."

त्या उठल्या, आतून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. यजमान खानदेशातून इथे आले, हुकुमचंदमध्ये लागले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली आणि थकलेले पैसे कोर्टात अडकले. 25 डिसेंबर 2023 ला सुमारे 4,800 कामगारांच्या नावाने 224 कोटी रुपये जाहीर झाले, तेव्हा यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. कागदांची एक प्लास्टिकची पिशवी खुंटीला टांगलेली होती. ती काढून त्यांनी मला एकेक पावती दाखवली. सर्वेक्षणात या कशाचीच नोंद होत नाही, आणि मला ते चुकीचं वाटतं. ज्या घराने आपल्याच कष्टाच्या पैशासाठी तीस वर्षं वाट पाहिली, त्या घराला सरकारी दरवाज्याबद्दल काय वाटतं ते पाच पर्यायांत बसत नाही.

तेव्हाच त्यांचा नातू घरात आला. वय वीस-बावीस. भर उन्हाळ्यात अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. तो खाली वाकला तेव्हा दंडावरची पट्टी दिसली.

मी काहीच विचारलं नाही. आजीच बोलल्या. "डायरीवाल्यांनी चाकू मारला. परवा. सात टाके आहेत."

डायरीवर पैसे म्हणजे काय ते इंदूरच्या बाजारात बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. सकाळी उचल घ्यायची आणि रोज संध्याकाळी हप्ता. तो छोट्या डायरीत मांडला जातो. दोन दिवस चुकले की दारात माणसं. एमवायला, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, नेलं असतं तर एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद, झाली असती आणि ठाण्याला खबर गेली असती. म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, गाडीवरून पडला असं सांगून टाके घातले.

"रिपोर्ट नाही लिहवली?"

"बाई, मघाशी मी तुला खोटं नाही सांगितलं. मला पूर्ण भरवसा आहे. आम्ही गेलो तर आधी ह्यालाच बसवतील, ह्याचा पूर्ण भरवसा आहे."

मी टॅब बंद केला.

दोन वर्षांपूर्वी त्याच्यावर मोबाइल हिसकावण्याची केस झाली होती. ते तो स्वतःच जमिनीकडे बघत सांगू लागला. तेव्हा तो घरोघर जेवण पोचवायचा. गाडीचे दोन हप्ते चुकले, फायनान्सवाल्यांनी गाडी उचलली, गाडीबरोबर काम गेलं, आणि त्याच आठवड्यात डायरीवाले दारात. "एकच रात्र होती, दीदी."

कुर्सों-नेटल यांचं गणिती प्रारूप नेमकं याच रात्रीबद्दल आहे. माणसाला ज्याच्या खाली जाऊन चालत नाही अशी एक रेषा असते. जो तिच्या खाली घसरला त्याला हातात आहे ते जपून काही मिळत नाही. म्हणून तो असा धोका पत्करतो, जो रेषेच्या वरचा माणूस कधी पत्करणार नाही. अशा माणसाच्या हिशेबात जास्त कडक शिक्षेने फारसा फरक पडत नाही. आणि भोवती अशी माणसं आहेत हे कळलं की बाकीचेही एकमेकांवर विश्वास ठेवायला धजत नाहीत. मी हे आलेखांत पाहिलं होतं. त्या मुलाच्या तोंडून ऐकताना मला त्याच्या डोळ्यांत बघवेना.

आमच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की मुलाखतीच्या घरात हस्तक्षेप करायचा नाही, हेल्पलाइनचा कागद द्यायचा. तो मी दिला. आजींनी त्याची घडी घातली आणि विचारलं, "तू येशील का?"

मी ती मुलाखत रद्द केली, कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहिलं आणि त्यांच्याबरोबर निघाले. त्याबद्दल पुढे मला बोलणी खावी लागली. पण आजही तसंच करीन.

ठाण्यात नोंदी लिहिणाऱ्या मुंशीजींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, बैठिए." खुर्ची पुढे आली, एकच. आजी उभ्या, नातू त्यांच्या मागे. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं, पायांत बरे बूट होते, एवढाच काय तो फरक. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांच्या संशोधनाचं सार असं, की निकाल आपल्या बाजूने लागला का यापेक्षा आपल्याशी वागले कसे, ऐकून घेतलं का, यावर लोकांचा कायद्याबद्दलचा आदर जास्त ठरतो. मी उठून आजींना खुर्चीत बसवलं. मुंशीजींनी नातवाचं नाव विचारलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ये तो पुराना है अपना." मग आजींना म्हणाले, "आवेदन दे दो, देख लेंगे."

आवेदन म्हणजे साधा अर्ज. एफआयआर नव्हे. हा फरक वस्तीतल्या बहुतेकांना माहीत नसतो, आणि इथेच अनेक प्रकरणं संपतात. दखलपात्र गुन्ह्याची खबर असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. मी हे शांतपणे बोलले, पण हात थरथरत होते. मुंशीजी उत्तर देणार तोच शेजारच्या ऊर्जा डेस्कवरच्या हेड कॉन्स्टेबल बाई उठून आल्या.

हे डेस्क महिलांसाठी आहेत, आमचं प्रकरण त्यांचं नव्हतं. मध्य प्रदेशातल्या 180 ठाण्यांत या डेस्कवर एक मोठा प्रयोग झाला होता आणि त्याचा निष्कर्ष 2022 साली 'सायन्स'मध्ये आला. डेस्क असलेल्या ठाण्यांत महिलांवरील हिंसेची प्रकरणं जास्त नोंदवली जाऊ लागली, विशेषतः जिथे डेस्क महिला अधिकाऱ्यांच्या हाती होता तिथे. तो निबंध वाचताना मला फक्त आकडे दिसले होते. या बाईंनी आणखी एक खुर्ची ओढली, नातवाला बसवलं आणि बाही वर करायला सांगितली. "कब लगा? किसने? पहले पानी पी." मग मुंशीजींकडे वळून म्हणाल्या, "पुराना केस अलग है, ये अलग है. टीआय साहब से मैं बात करती हूँ."

पुढचे दोन-अडीच तास लागले. टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, आले, आजींना तेच प्रश्न पुन्हा झाले, एमवायला मेडिकलसाठी पाठवायचं ठरलं. लिहून झाल्यावर बाईंनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि एका ठिकाणी नातवाने दुरुस्ती सांगितली, तीही केली. एफआयआरची प्रत फुकट मिळते हे त्यांनी आपणहून सांगितलं.

बाहेर पडलो तेव्हा दिवे लागले होते. रिक्षात आजींनी ती प्रत माझ्या हातात दिली.

"ह्याचं नाव कुठे आहे ते दाखव."

मी बोट ठेवलं.

"वर काय लिहिलंय?"

"फरियादी."

"आरोपीच्या जागी नाही ना?"

"नाही. ते खाली आहे. तिथे त्या दोघांची नावं आहेत."

त्यांनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग प्रत घेऊन तिची चार पदरी घडी घातली आणि पदराच्या टोकाला बांधली. नातू रिक्षाच्या बाहेर बघत होता. मालवा मिलचा चौक आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "आजी, मला पण दाखव."