ऐकीव नव्हे, ऐकलेलं

समन्सवरचा छापील मजकूर फोनने वाचून दाखवला, पण तारीख हाताने लिहिलेली होती, तिथे तो अडला. म्हणून वहिनींना बोलावलं. कोर्टातही त्याच सोबत आल्या.

चार वर्षांपूर्वी आमच्या घरासमोर पहाटे टेम्पोने दूधवाल्याला उडवलं. मी गॅलरीत होते. मी जन्मांध आहे, तरी पोलिसांनी माझा जबाब घेतला, कारण रस्त्यावर त्या वेळी दुसरं कुणीच नव्हतं.

पुकारा झाला. पट्टेवाला वहिनींना म्हणाला, "यांना पिंजऱ्यात उभं करा." मला थेट सांगितलं असतं तरी चाललं असतं. पिंजऱ्याला एक पायरी आहे हे कुणी बोललं नाही, ठेच लागली. कठडा हाताला लागला तेव्हा जरा धीर आला.

उलटतपासात पहिलाच प्रश्न आला, "बाई, तुम्ही अपघात पाहिलाच नाही ना?"

"नाही. ऐकला."

"म्हणजे ऐकीवच."

या एका शब्दाचा मला फार राग आला. ऐकीव म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. मी ऐकलं ते माझ्या कानांनी. खटला जुना, म्हणून १८७२ चाच पुरावा कायदा लागू होता. त्याचं कलम ६० सरळ सांगतं की गोष्ट ऐकू येण्यासारखी असेल, तर ती जिने ऐकली तिनेच येऊन सांगावी. मी तेच करायला आले होते. तो टेम्पो समोरच्या दुकानात रोज माल टाकायचा. त्याच्या मागच्या फळीची साखळी सैल होती, वळणावर पत्र्यावर आपटायची. त्या पहाटे साखळी वाजली. हॉर्न नाही, ब्रेक नाही. धडक, आणि मग दुधाचे कॅन डांबरावरून गडगडत गेले. एक कॅन बराच वेळ फिरत राहिला होता. हे सांगताना माझा आवाज कापला.

साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवतात. टंकलेखक भराभर वाचत होते. मी हळू वाचायला सांगितलं, तेव्हा मध्येच कानावर आलं, "मी टेम्पो येताना पाहिला."

घरी मीही 'मालिका पाहिली' म्हणते. आम्ही सगळेच म्हणतो. पण कागदावर तो शब्द राहिला असता, तर पुढे सगळी साक्षच खोटी ठरवता आली असती. मी हरकत घेतली. न्यायाधीशांनी लगेच दुरुस्त करून 'ऐकला' लिहायला लावलं.

मग शाईचा पॅड पुढे आला. बँकेत २२ वर्षं मी सही करते आहे. खाच कापलेला पुठ्ठा पर्समध्येच असतो. वहिनींनी तो रेषेवर धरला, मी सही केली.

निघताना साक्षीच्या नकलेसाठी अर्ज दिला. कागद नको, फोन वाचू शकेल अशी फाइल हवी, असं लिहून त्यात दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम १२ घातलं. आमच्यासारख्यांना न्यायालयातली कागदपत्रं वापरता यावीत, ही जबाबदारी ते कलम सरकारवर टाकतं. खिडकीतले बाबू म्हणाले, असा अर्ज पहिल्यांदाच आला. पण त्यांनी तो घेतला, पोच दिली, आणि पोचेवरची तारीख न विचारता मला मोठ्याने वाचून दाखवली.