सांदण दरीत घड्याळाने मोजलेले जास्तीचे अंतर

डिसेंबरमधल्या एका शनिवारी चौदा जणांना घेऊन मी सांदण दरीत उतरलो, तेव्हा माझ्या मनगटावरचे नवे जीपीएस घड्याळ जेमतेम बारा दिवसांचे होते. डोंगरात गट घेऊन जाणे हा गेली नऊ वर्षे माझा व्यवसाय आहे आणि हे घड्याळ मी हौसेपेक्षा गरजेपोटी घेतले होते. जुने घड्याळ दुपारीच मान टाकत असे आणि त्याला उपग्रह सापडेपर्यंत गटाची हजेरी, नाश्ता आणि सूचना असे सगळे उरकून होई. नव्या घड्याळाने दरीच्या वरच्या तोंडाजवळच्या साम्रद गावात, मोकळ्या आभाळाखाली, आठ-दहा सेकंदांत ठावठिकाणा पकडला, तेव्हा पैसे वसूल झाल्याचे समाधान मला वाटले होते, हे आधीच कबूल करतो.

त्या बारा दिवसांत मी त्याची बरीच परीक्षा घेतली होती. ४०० मीटरच्या धावपट्टीवर दहा फेऱ्या मारल्यावर त्याने ४.०३ किलोमीटर दाखवले, ही चूक कुणीही पोटात घालील. हृदयाचे ठोके मात्र पट्टा सैल असला की ते चक्क पावलांच्या तालावर मोजू लागे. सर्वांत गमतीचा अनुभव उंचीचा होता. घरात फडताळावर ठेवलेले घड्याळ सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत पंचवीस-तीस मीटर वर चढे आणि रात्री पुन्हा खाली येई. त्यात बिघाड काही नव्हता. हे घड्याळ उंची हवेच्या दाबावरून काढते, आणि आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो व दुपारी चारच्या सुमारास तीन-एक हेक्टोपास्कलने उतरतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण साडेआठ ते नऊ मीटर. दाब उतरला की घड्याळाला वाटते, मालक डोंगर चढतो आहे. हे मी वहीत टिपून ठेवले होते आणि साम्रदला निघताना नकाशावरची उंची घालून घड्याळ जुळवूनही घेतले होते.

सांदण म्हणजे सह्याद्रीच्या कड्याला पडलेली एक खोल, अरुंद भेग. माथ्यावरून रतनगड आणि अलंग-मदन-कुलंग हे किल्ले दिसतात, पण एकदा आत शिरले की दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि डोक्यावर आभाळाची एक चिंधी, एवढेच उरते. वाट अशी नाहीच. धोंड्यांवरून उड्या मारत, कधी बसून घसरत, दोराने तीन टप्पे उतरत कोकणाच्या बाजूला जायचे. आतल्या दोन पाणसाठ्यांपैकी दुसऱ्यात कमरेइतके पाणी होते. ते ओलांडताना एका ताईंचा पाय शेवाळावरून निसटला, म्हणून मी त्यांचा हात धरला आणि माझे मनगट वीतभर पाण्याखाली गेले. बाहेर येऊन पाहतो, तर घड्याळाच्या मते आम्ही एका मिनिटात जवळजवळ २०० मीटर खाली उतरलो होतो! शिवाय पाण्याच्या स्पर्शाने पडद्यावर आपोआप बोटे उमटून दोन ‘लॅप’, म्हणजे फेऱ्या, नोंदले गेले होते, ते वेगळेच.

कारण नंतर शांतपणे विचार केल्यावर अगदी साधे निघाले. वीतभर पाण्याचा भार वीस-बावीस हेक्टोपास्कल होतो आणि बिचाऱ्या दाबमापकाला पाणी काय आणि हवा काय, दोन्ही सारखेच. त्याच्या भोकातले पाणी झटकल्यावर दोन-तीन मिनिटांत आकडा जागेवर आला. परंतु मी तिथेच मनाशी ठरवून टाकले की आजच्या दिवसापुरती उंची काही भरवशाची नाही, आता अंतर पाहत जावे. पुढे जे झाले त्याचे मूळ या निर्णयात आहे.

पहिला रॅपल, म्हणजे दोराने उतरायचा टप्पा, सुमारे ४५ फुटांचा आहे. साम्रदचा आमचा वाटाड्या वर दोराशी थांबला, मी आधी उतरून खाली बिले, म्हणजे उतरणाऱ्याला सावरणारा दोर, धरून उभा राहिलो. चौदा माणसे एका दोरावरून उतरवायची म्हणजे घाई करून चालत नाही. कुणाचा हार्नेस, म्हणजे कमरेचा पट्टा, पुन्हा तपासावा लागतो, कुणी कड्याच्या काठावर येऊन पाच मिनिटे नुसतेच खाली बघत राहतो. माझी दीड तासात दहा पावलांचीही हालचाल झाली नसेल. घड्याळ दोरात अडकू नये आणि कॅराबिनरने, म्हणजे दोराच्या धातूच्या कडीने, त्याची काच खरवडू नये, म्हणून ते मी काढून पाठपिशवीच्या पट्ट्याला लटकवले होते. पिशवी पायाशी धोंड्यावर ठेवली होती आणि नोंद चालूच होती. नोंद थांबवायचे बटण दाबायला मी विसरलो. पुढच्या दोन टप्प्यांवरही तेच झाले.

सव्वाचारला तिसरा टप्पा संपला, तेव्हा सगळे दमले होते आणि मागून प्रश्न आला, “दादा, अजून किती?” मी घड्याळ पाहिले. ३.७ किलोमीटर. पूर्वी मी एका सहकाऱ्याबरोबर पाहणीसाठी आलो होतो, त्या नोंदीत मुक्कामाची जागा सव्वाचार किलोमीटरवर होती. मी वजाबाकी केली आणि मोठ्याने सांगितले, “जेमतेम अर्धा किलोमीटर. पाणी राखून ठेवू नका, पिऊन घ्या.” नऊ वर्षे हे काम करणाऱ्या माणसाने घळीत किलोमीटरची भाषा बोलावी, याची मला आजही लाज वाटते. धोंड्यांच्या त्या पसाऱ्यात तासाला एक किलोमीटर गेलो तरी खूप, हे मला ठाऊक होते. पण पडद्यावर दशांश चिन्हासह लिहिलेला आकडा दिसला की माणूस स्वतःच्या पायांना विचारायचे सोडतो.

परिणाम लगेच दिसला. तीन तरुण मुक्काम जवळच आहे असे समजून झपाझप पुढे निघून गेले. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी बाटल्या रिकाम्या केल्या. पाऊण तास चाललो तरी ओळखीची एकही खूण येईना आणि पाण्यात पाय निसटलेल्या त्याच ताईंच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. मी शिट्टी वाजवून पुढच्या तिघांना थांबवले, सगळ्यांना एका सपाट धोंड्यावर बसवले आणि प्रथमच त्या दुपारी घड्याळाचे बाकीचे पडदे नीट पाहिले.

उंचीचा पडदा पाहिल्याबरोबर उलगडा झाला. घड्याळात भरलेल्या नकाशातील समोच्च रेषांवरून मुक्कामाची जागा कोणत्या उंचीवर आहे, हे मला माहीत होते. आम्ही तिच्यापेक्षा १६५ मीटर वर होतो. फडताळावरचा अनुभव आठवून दुपारचे पंचवीस-तीस मीटर वजा केले, तरी जवळजवळ १४० मीटरची उतराई शिल्लक राहत होती. आणि सांदणसारख्या दरीत, जिथे फाटे नाहीत आणि वाट सतत खालीच जाते, तिथे उंची म्हणजेच ठिकाण. दाबमापकाला आभाळ दिसावे लागत नाही. पाणसाठ्यातल्या त्या दोन-तीन मिनिटांचा अपवाद सोडला, तर दिवसभर तो बरोबर सांगत होता आणि मीच त्याला खोटा ठरवून बसलो होतो.

मी गटाला सरळ सांगितले की माझा हिशेब चुकला, आपल्याला दीड-दोन तास लागतील आणि अंधार होईल. कुणी फारसे बोलले नाही. दोघांनी आपल्या बाटल्यांतले उरलेले पाणी ताईंना दिले, मी जवळचे मीठ-साखर त्यात कालवले. डोक्याच्या विजेऱ्या पिशव्यांच्या तळाशी गेल्या होत्या. त्या शोधेपर्यंत घड्याळाच्या कडेला असलेल्या छोट्या विजेरीचा चांगला उपयोग झाला. दुकानात ती पाहून मी हसलो होतो, हेही लिहून ठेवतो. तिचा लाल प्रकाश डोळे दिपवत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. सहा वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही मुक्कामाला पोहोचलो. वाटाड्या दोर गुंडाळून, सगळ्यांच्या मागून येऊनही आमच्या आधी चूल पेटवण्याच्या तयारीला लागला होता. “अर्धा किलोमीटर कोणी सांगितलं हो?” एवढेच त्याने विचारले.

जेवणानंतर दिवसाची नोंद उघडून पाहिली. साम्रदपासून दरीच्या तोंडापर्यंतची रेघ पायवाटेवर बोट ठेवल्यासारखी नेमकी होती. पहिल्या रॅपलच्या जागी मात्र लहान मुलाने खडूने गिरगटावे तसे जाळे झाले होते आणि त्यातल्या काही रेघा कातळाच्या पोटात शंभर मीटरपर्यंत शिरल्या होत्या. घड्याळ दोन वारंवारितांवर संदेश घेते आणि त्यामुळे कड्यावरून परावर्तित होऊन आलेला संदेश त्याला बऱ्याच वेळा ओळखता येतो, हे खरे आहे. पण ठिकाण काढायला किमान चार उपग्रह लागतात आणि तेही आभाळभर पसरलेले हवेत. आभाळाच्या चिंधीत सापडलेले उपग्रह जवळजवळ एकाच रांगेत असतात, त्यामुळे दरीच्या लांबीचा अंदाज कसाबसा येतो, रुंदीचा येत नाही. मग स्थिर पडलेले घड्याळ या भिंतीतून त्या भिंतीत फिरत राहते आणि प्रत्येक फेरी प्रामाणिकपणे अंतरात मिळवते. तीन टप्प्यांवरच्या थांब्यांत मिळून त्याने जवळजवळ दीड किलोमीटर कमावले होते. बॅटरी त्या वेळी ६१ टक्के उरली होती, ही एक जमेची बाजू.

रविवारी उघड्या रानातून पायथ्याच्या डेहणे गावाकडे उतरताना घड्याळाबद्दल तक्रारीला जागा उरली नाही. बसमध्ये बसल्यावर मी पडद्यांचा क्रम बदलला. उंची पहिली, वेळ दुसरी, अंतर शेवटच्या पानावर. पाण्यात स्पर्श बंद होईल अशी सोयही सेटिंगमध्ये सापडली. ती शुक्रवारीच शोधायला हवी होती.

सोमवारी गटातल्या एका तरुणाचा संदेश आला. त्याच्या मनगटावर दुसऱ्या कंपनीचे घड्याळ होते. “दादा, शनिवारचे माझे ६.४ किलोमीटर आले, तुमचे ५.६ दिसतायत. मी कोणते टाकू?” मी लिहिले की अंतर सोड, किती मीटर उतरलो ते टाक, तो आकडा दोघांचा जवळपास सारखा आहे. थोड्या वेळाने त्याचे उत्तर आले, “सारखाच असेल तर टाकून काय उपयोग?” आणि त्याने ६.४ टाकले.