कापडाचा वास की प्लास्टिकचा?

मे महिन्यातली दुपार, बाहेर ४३ अंश. होटगी रोडवरच्या आमच्या गॅरेजात सात सीटची डिझेल गाडी आली, ९० हजार किलोमीटर झालेली. मालक टेरी टॉवेलचे व्यापारी. तक्रार एवढीच, की एसी लावून अर्धा तास झाला की जळका वास येतो. धूर नाही, फ्यूज उडत नाही, डॅशबोर्डवर कुठला दिवा नाही. तुळजापूरहून परत येताना वास फारच आला, म्हणून एका गॅरेजने क्लच सेट बदलायचा अंदाज देऊन ठेवला होता.

"कपडा जळल्यासारखा येतो. इस्त्री पालथी राहिली की येतो ना, तसा," वहिनी म्हणाल्या.

"नाही ओ वहिनी, वायरचा आहे. प्लास्टिक वितळतंय," ड्रायव्हरचं म्हणणं.

एकाच गाडीतल्या दोघांची नाकं अशी वेगळं बोलायला लागली की आम्ही सहसा दोघांचंही सोडून देतो आणि हत्यारं उचलतो. इथे ते चुकलं. तासभर आधी उत्तर मिळालं असतं.

वासावरून थोडा अंदाज बांधता येतो. क्लच प्लेट जळली तर जळक्या कागदासारखा उग्र वास येतो, आणि तो चढावर, ट्रॅफिकमध्ये किंवा रिव्हर्स घेताना. गरम सायलेन्सरवर ऑइल टपकत असेल तर तळणाच्या कढईसारखा. कूलंट गळत असेल तर गोडसर. पट्टा घसरत असेल तर रबराचा. रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटलेली असेल, तर ती सगळ्यांनाच फसवते. पण वास कसा आहे यापेक्षा तो कधी येतो हे विचारलेलं जास्त उपयोगी. सोलापूरहून तुळजापूरला जाताना घाटाचा चढ लागतो, येताना उतार. क्लचचा वास असता तर जाताना आला असता. येताना आला तर आधी ब्रेकवर संशय घ्यायला हवा.

म्हणून पहिली फेरी ब्रेकसाठी. १५ किलोमीटर चालवून आलो आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर चारही रिमवर धरला. पुढची चाकं ७४ आणि ७८ अंश, मागची ५८ आणि ६०. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकला असेल तर एक चाक जोडीच्या चाकाहून ५०–६० अंशांनी तरी वर दिसतं. ब्रेक संशयातून सुटले. गाडी रॅम्पवर घेतली. सायलेन्सर स्वच्छ, ऑइलचा थेंब नाही, इंजिनावर उंदराचं घरटं नाही.

मग रिसर्क्युलेशनचं, म्हणजे केबिनचीच हवा परत फिरवायचं बटण. ही चाचणी फुकट आहे आणि फारसं कुणी करत नाही. बाहेरची हवा चालू असेल तर ब्लोअर (एसीचा पंखा) ती पुढच्या काचेच्या बुडातून, म्हणजे बॉनेटला लागूनच ओढतो. इंजिनाच्या बाजूचं काही जळत असेल तर वास बाहेरच्या हवेवर वाढतो आणि रिसर्क्युलेशनवर कमी होतो. इथे उलटं झालं. रिसर्क्युलेशन लावून, पंखा दोन नंबरवर ठेवून बसलो. २० मिनिटांनी वास आला, आणि तो वहिनी म्हणत होत्या तो, कापडाचा. पंखा चारवर नेल्यावर तो विरला. हुश्श म्हणून पाच मिनिटं तसंच बसलो, तर दुसरा वास सुरू झाला. प्लास्टिकचा. ड्रायव्हर म्हणत होता तो.

दोघंही खरं सांगत होते. वहिनी एसी मंद ठेवतात, ड्रायव्हर एकटा असला की चारवर.

वास केबिनच्या हवेतला, आणि पंख्याच्या नंबराबरोबर बदलणारा. म्हणजे जागा ब्लोअरपाशी ठरल्यातच जमा होती. बॅटरीची निगेटिव्ह काढली, पाच मिनिटं थांबलो (समोरच एअरबॅग असते, घाई करू नये) आणि ग्लोव्ह बॉक्स उतरवला. त्याच्या मागे ब्लोअरच्या हवेच्या डक्टमध्ये दोन स्क्रूवर रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा भाग, बसलेला असतो. साध्या एसीत एक, दोन, तीन नंबरवर मोटरचा करंट या रेझिस्टरच्या कॉइलमधून जातो, चारवर कॉइल टाळून थेट. त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) ओढला तर येईना. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळून रेझिस्टरलाच चिकटलं होतं. हलवत हलवत सोडवला. रेझिस्टर बाहेर आला तो पाठीवर राखाडी बोळा घेऊन. नमद्यासारखा दाबलेला, कॉइलकडची बाजू काळी, मध्ये तपकिरी कडांची भोकं. चिमटीत धरून उजेडात पाहिला तर पांढरे, निळे, गुलाबी तंतू. टॉवेलची लव!

"मालक, मागच्या सीट पाडून माल नेता का?"

"सॅम्पलचे गठ्ठे असतात की. रोजच."

उघड्या गठ्ठ्यांची लव केबिनमध्ये उडते, आणि रिसर्क्युलेशनवर ब्लोअर केबिनचीच हवा ओढतो. ती अडवायला एसी फिल्टर असतो. या गाडीत फिल्टरची खाच रिकामी होती. कधीतरी सफाईला काढला आणि परत बसवलाच नाही. लव थेट रेझिस्टरवर आणि पुढे कूलिंग कॉइलवर. टॉर्च मारला तर कूलिंग कॉइलच्या पत्र्या दिसतच नव्हत्या, वर गोधडी पसरल्यासारखा थर.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो, की हवा तुंबली म्हणजे मोटरवर लोड येतो आणि ती जळते. या पिंजऱ्याच्या ब्लोअरचं तसं नसतं. हवा कमी ढकलली तर मोटरचं काम कमी होतं, करंट थोडा उतरतोच. जीव जातो तो रेझिस्टरचा, कारण त्याला थंड ठेवायला तीच हवा असते. त्यात तो मंद पंख्यावर जास्त तापतो. कपलर सोडवण्याआधी बॅटरी तेवढ्यापुरती परत जोडून मोजलं होतं, तेव्हा दोन नंबरवर क्लॅम्प मीटरने ७ अँपिअर दाखवले. (डीसी मोजणारा क्लॅम्प लागतो, घरगुती वायरिंगचा साधा क्लॅम्प इथे शून्य दाखवतो.) १३ व्होल्टपैकी ६ व्होल्ट रेझिस्टरवर पडत होते. म्हणजे ४२ वॉट नुसती उष्णता, तीही तुंबलेल्या हवेत, कापसाच्या बोळ्याखाली.

असं होऊ नये म्हणून रेझिस्टरवर थर्मल फ्यूज असतो. ठरलेल्या तापमानाला तो तुटतो. मग एक ते तीन नंबर बंद पडतात आणि पंखा फक्त चारवर चालतो. या रेझिस्टरवर थर्मल फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारांचा पीळ होता, वर सोल्डरचा थेंब. आधी कधीतरी तो तुटला असणार, आणि कुणीतरी दोनशे-तीनशे रुपये वाचवून दिले. "पंखा चालू झाला का? झाला." अशी कामं बघून हात शिवशिवतात. थर्मल फ्यूज बदलायचाच असेल तर तो क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) लावायचा. सोल्डरिंगच्या उष्णतेने नवा फ्यूजही जागेवरच जातो. सरळ रेझिस्टरच नवा टाकावा.

राहिला चार नंबरचा वास. तो कपलरचा. मोटरचा सगळा करंट, नंबर कोणताही असो, त्या वितळलेल्या पिनेतून जात होता. त्याच वेळी मल्टिमीटरची एक सुई मागून वायरच्या बाजूला आणि दुसरी रेझिस्टरच्या पिनेवर धरून, पंखा चारवर चालू ठेवून मोजलं होतं. १७ अँपिअरवर १.४ व्होल्ट तिथेच खाल्ले जात होते. चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टच्या आतच हवेत. १.४ गुणिले १७ म्हणजे जवळपास २४ वॉट. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. तेवढी उष्णता एका पिनेवर, प्लास्टिकच्या घरात. फ्यूज का उडत नाही, तेही इथेच कळतं. फ्यूज ३० अँपिअरचा. जोड सैल झाला की अडथळा वाढतो, करंट उलट कमीच होतो. फ्यूजला यात काही कळत नाही.

पिना घासून परत लावायचा मोह होतो. तापलेल्या पिनेची स्प्रिंग मेलेली असते; आठवड्यात तेच. कपलर नवा घेतला. जुनी वायर कापत गेलो तर तांबं आतून काळं, त्यावर ना क्रिंप धरत ना सोल्डर. सहा इंच मागे गेल्यावर चकचकीत तांबं लागलं. तिथून २.५ स्क्वेअर एमएमची वायर, क्रिंप आणि हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी).

कूलिंग कॉइल रेझिस्टरच्या आणि फिल्टरच्या खाचेतून साफ केली. मऊ ब्रश, व्हॅक्यूम, मग फोम क्लीनर. वॉशिंगची प्रेशर गन आत मारायची नाही, पत्र्या झोपतात. ड्रेन पाइपमध्येही लवेचा बूच निघाला. तो राहिला असता तर पुढची तक्रार पायाखालच्या ओल्या मॅटची. मोटर हाताने फिरवून पाहिली. मोकळी होती, बुश आवाज करत नव्हता, म्हणून तशीच ठेवली.

नवा फिल्टर घालून भर उन्हात ४० मिनिटं दोन नंबरवर आणि २० मिनिटं चारवर चालवली. चारवर कपलरचा ड्रॉप ०.०५ व्होल्ट. करंट १८ झाला, कारण मोटरला आता पूर्ण व्होल्टेज आणि पूर्ण हवा. हलका वास दोन-तीन दिवस येईल, काचा उघड्या ठेवा, असं सांगून ठेवलं. आणि पुन्हा कधी धूर दिसलाच तर आधी पंखा आणि इग्निशन बंद, मग सगळ्यांनी बाहेर. ग्लोव्ह बॉक्स उघडून शोधाशोध करायची नाही.

क्लच? पेडलचा खेळ बरोबर, तिसऱ्या गिअरमध्ये चढावर घसरत नाही. त्याला हात लावला नाही.

गठ्ठे आता प्लास्टिकच्या गोणीत बांधून नेतात. दीड महिन्याने फिल्टर बघायला गाडी बोलावली. तरी त्याच्या तोंडावर निळ्या-गुलाबी लवेची साय धरलीच होती, पण मागची बाजू पांढरी. झटकून परत बसवला आणि पुढची तारीख स्टिकरवर लिहून काचेला चिकटवली.