‘चिटणीस’ शोधायला निघालात? आधी हे वाचा

“आडनाव सांगा, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) समोर येईल.” निघण्याआधी जाणकार म्हणवणाऱ्यांनी मला हेच सांगितलं होतं. ते खोटं आहे. पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईच्या कारभाराच्या जुन्या कागदांत, आडनावाने माग लागत नाही. चिटणीस, फडणीस, पारसनीस, सबनीस असलं हुद्द्यावरून पडलेलं आडनाव असेल तर हाल आणखी वाढतात. पुढे जाणाऱ्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून हे लिहितोय.

काम असं होतं: चिटणीस या नावाशी जोडलेले कागद, बखरी, ग्रंथ आणि प्रबंध एका यादीत आणायचे आणि कोण कुठल्या घराण्यातलं ते लावायचं. एका टोकाला साताऱ्याचे बखरकार मल्हार रामराव, दुसऱ्या टोकाला विसाव्या शतकातले प्राध्यापक. तुम्हाला मोडी बऱ्यापैकी लागते, धूळ सोसते आणि दिवसभर मान खाली घालून बसता येतं, असं मी धरून चालतो. मोडी येत नसेल तर आधी वर्ग करा, मग निघा. ओळखपत्र, संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र, पेन्सिल आणि कोरे कागद हे तर तुमच्याकडे असणारच.

सुरुवात पुण्यात, कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात. इमारत १८९१ ची, आत तीस हजारांहून जास्त रुमाल. त्यांची मांडणी दफ्तरवार आहे: रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी आणि असे बरेच विभाग. कारभार जसा चालायचा तसे कागद बांधले गेले. कुणाच्या घराण्याचा शोध सोपा जावा म्हणून ते कुणी बांधलेले नाहीत. मला मिळालेला सल्ला होता की चिटणीस हवेत तर सरळ चिटणिशीचे रुमाल मागवायचे. मी मागवले. चिटणिशी म्हणजे पत्रव्यवहाराचं खातं. त्यात जगातल्या सगळ्यांची पत्रं आहेत, चिटणीस घराण्याचा इतिहास मात्र नाही. हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईल. ऐकू नका.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ज्यांना तुम्ही शोधताय ते कागदात आडनावाने वावरतच नाहीत. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचं मूळ आडनाव चित्रे. त्यांच्या मुलाचं नाव सगळीकडे खंडो बल्लाळ असं येतं, म्हणजे बल्लाळाचा, बाळाजीचा, मुलगा खंडो. आडनावावर अडून बसलात तर संभाजी महाराजांच्या आणि राजाराम महाराजांच्या काळात वावरलेला इतका मोठा माणूस तुमच्या यादीतून निसटेल. उलट ‘चिटणीस’ असा शब्द दिसला की तो हुद्दा आहे की आडनाव, हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं, कारण प्रत्येक सरदाराच्या पदरी एक चिटणीस असायचाच. म्हणून शोध नाव आणि बापाचं नाव या जोडीने करा, मग गाव, मग वतन किंवा इनाम, मग साल. आडनाव शेवटी तपासा.

सालाचंही नीट समजून घ्या. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा शुहूर सन असतो आणि तोही अरबी शब्दांत. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७७. त्यात ५९९ मिळवले की १७७६. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून कागद जून १७७६ ते जून १७७७ मधला. पुढचा इसवी सन जानेवारीत लागतो, तेव्हा जानेवारी ते मे मधल्या कागदाला ६०० मिळवायचे. फसलीला, म्हणजे महसुली सनाला, ५९०, शालिवाहन शकाला ७८. हा तक्ता पाठच करून जा. तिथे बसून कागद चाळायचे की सनाचं गणित मांडायचं, दोन्ही एकदम होत नाही.

आता तो टप्पा, ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं. काही घसरट मोडी माझ्याच्याने वाचवेना, म्हणून बाहेरच्या एका लिप्यंतरकाराला नकला दिल्या. दर पानामागे ठरला. बिल आलं तेव्हा पाठपोट कागदाची दोन पानं धरली होती, आणि पाठीवर नुसता शिक्का किंवा आकडा असला तरी त्याचंही पूर्ण पान लावलं होतं. ही उघड लूट आहे. पण पैशापेक्षा वाईट पुढे होतं. जिथे जिथे मूळ कागदात ‘ची’ आणि त्यापुढे संक्षेपाची खूण होती, तिथे तिथे ‘चिटणीस’ असं भरून दिलं होतं. मी चिटणीस शोधतोय हे त्याला माहीत होतं. तो संक्षेप ‘चिरंजीव’चा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ ‘इ’चा फरक करत नाहीत, सगळं ‘ची’च दिसतं. मला शंका आली ती मायन्यामुळे: नावानंतर ‘आशीर्वाद’ होता, आणि आशीर्वाद वडीलधारा माणूस घरच्या धाकट्याला लिहितो, दरबारच्या चिटणिसाला नाही. मूळ नकला पुन्हा काढून ओळीओळीने ताडल्या तेव्हा यादीतले कितीतरी ‘चिटणीस’ कुणाची तरी मुलं आणि पुतणे निघाले. दिवसभर तेच खोडत बसलो. संध्याकाळी इतका वैताग आला होता की सगळं सोडून घरी जावंसं वाटलं.

तेव्हा लिप्यंतर करून घ्यायचंच असेल तर दर ओळीवर ठरवा, आणि तो कागदावर लिहून घ्या. आधी दहा ओळींचा नमुना मागा आणि तो तुम्हाला वाचता येणाऱ्या कागदाचा द्या, म्हणजे पारख होते. संक्षेप जसेच्या तसे ठेवायला सांगा, फोड तुम्ही करा. आणि तुम्ही कुठलं आडनाव शोधताय हे लिप्यंतरकाराला अजिबात सांगू नका. हा एक नियम पाळलात तरी या वृत्तांताचा उपयोग झाला.

भारत इतिहास संशोधक मंडळात गेलो, सदाशिव पेठेत. चांगलं गेलं, फार सांगण्यासारखं नाही.

सोनं सापडलं ते इनाम कमिशनच्या काळच्या कागदांत. कंपनी सरकारने १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी लावली तेव्हा ज्यांना जमीन किंवा नेमणूक टिकवायची होती त्यांनी कैफियती दिल्या, सनदांच्या नकला जोडल्या आणि वंशावळी लावल्या. आजा, बाप, नातू, दत्तक, भाऊबंद, सगळे एका कागदावर. पहिली पूर्ण वंशावळ उलगडली तेव्हा रुमाल मिटवावासा वाटेना. शंभर रोजकीर्दी चाळून जे मिळत नाही ते इथे एका बैठकीत मिळतं. माझं स्पष्ट मत: घराणं शोधायचं असेल तर सुरुवातच इथून करा, आणि मग मागे पेशवाईत जा. एवढंच लक्षात ठेवा की ही वंशावळ उत्पन्न वाचवण्यासाठी दिलेली आहे. जी शाखा हक्क सांगू शकली असती ती गाळलेली असू शकते, आणि बायकांची नावं जवळजवळ नसतात. दुसऱ्या कागदाने ताडल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या दफ्तरात कागद बहुतेक इंग्रजी आहेत, त्यामुळे डोळ्यांना आराम. तिथे त्रास स्पेलिंगचा. शेवटच्या ‘णी’साठी एकेरी ‘आय’ लावून पाहा, दुहेरी ‘ई’ लावून पाहा, आणि ‘नवीस’ असा शेवट धरूनही पाहा. नागपूरकडे हे आडनाव चिटणवीस असंच रूढ आहे. सर गंगाधरराव चिटणवीस (१८६३–१९२९) चिटणीस म्हणून शोधलेत तर हाती लागणार नाहीत.

ग्रंथालयांच्या सूची आणि शोधगंगेसारखा प्रबंधांचा साठा घरूनच पाहा, त्यासाठी प्रवास नको. देवनागरीत ‘चिटणीस’ टाकलंत तर प्रत्येक संस्थेचा चिटणीस आणि प्रत्येक पक्षाचा सरचिटणीस अंगावर येतो. वार्षिक अहवालांच्या ढिगातून माणूस काढणं अशक्य आहे. रोमन लिपीत टाकलंत तर हा गोंधळ टळतो, पण आद्याक्षरांचा नवा उभा राहतो. इतिहासाचे अभ्यासक कृष्णाजी नागेशराव चिटणीस इंग्रजीत ‘के. एन.’ असतात, मराठीत ‘कृ. ना.’, आणि सूचीत ती दोन वेगळी माणसं होऊन बसू शकतात. नुसत्या आडनावाने सुमा चिटणीस यांचं शिक्षणाच्या समाजशास्त्रावरचं लेखनही त्याच रांगेत येतं, त्याचा बखरकारांशी काही संबंध नाही. लग्नाने आडनाव बदललेल्या लेखिका तर दोन ठिकाणी शोधाव्या लागतात. आडनावापुढे विषय जोडा आणि प्रकाशनाचं साल बांधून घ्या, ढीग लगेच उतरतो. आणखी एक: जुन्या मराठी ग्रंथांच्या शेवटच्या सूचीत माणसं कित्येकदा पहिल्या नावाने लावलेली असतात. मल्हार रामराव ‘च’ खाली नसले तर ‘म’ खाली बघा.

एकट्याने जात असाल तर पुणे आणि मुंबई एका दमात करू नका. पुण्याच्या टिपणांची साफ प्रत करून, प्रत्येक नोंदीपुढे रुमाल क्रमांक लिहून, मगच मुंबईचं तिकीट काढा. क्रमांक नसलेलं टिपण पुन्हा शोधायला तेवढाच वेळ लागतो जेवढा पहिल्यांदा लागला होता.