झोंबी नव्हे, झॉम्बी : परवानगीचे २३ दिवस

आमच्या झॉम्बी फिल्मची कथा लिहून झाली, कॅमेरा भाड्याने मिळाला, पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांत कामं केलेली चौदा पोरं नुसत्या वडापाववर यायला तयार झाली. हे सगळं आठवडाभरात जमलं, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. अडलं ते परवानगीपाशी.

शनिवार पेठेतली एक बोळ आणि तिच्या तोंडाशी असलेली मोकळी जागा आम्हाला दोन रात्रींसाठी हवी होती. त्या जागेचा ताबा ज्या कार्यालयाकडे, तिथे १७ मे रोजी अर्ज दिला. ‘चित्रपटाचा विषय’ असा एक रकाना होता. त्यात मी घाईघाईत ‘झोंबी’ लिहिलं. चंद्राऐवजी मात्रा पडली, एवढंच.

चार दिवसांनी गेलो, तर टेबलावरच्या साहेबांनी चष्मा वर केला. “आनंद यादवांची का?”

मला आधी कळेचना.

“झोंबी हो, ती कादंबरी. साहित्य अकादमी मिळालेली. शिकण्यासाठी बापाशी भांडणारं पोर. मग घरच्यांचं ना-हरकत पत्र कुठंय?”

म्हटलं, “साहेब, ती झोंबी नाही. हे मेलेले लोक उठून चालतात, ते.”

“मग अर्जात तसं लिहायचं.”

बरं, माणूस वाचणारा. १९९०च्या अकादमी पुरस्काराचं साल त्यांना तोंडपाठ होतं, त्यामुळे धड चिडताही येईना. पण खाडाखोड चालणार नाही म्हणाले, म्हणून नवा अर्ज केला. तो आवक-जावकमध्ये कुठेतरी हरवला. (दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्याच. मी घेतली नव्हती.) तिसरा अर्ज दिला, तोवर साहेब रजेवर. त्यांच्या जागी बसलेल्या मॅडमनी विचारलं, “मेलेले लोक म्हणजे अंत्ययात्रा दाखवणार का? वस्तीत तक्रारी येतील.” मग कथेचा गोषवारा मागितला. दिला. गोषवाऱ्यात ‘चावा’ हा शब्द होता, त्यावरून कुत्री वापरणार का, हा प्रश्न निघाला. रोज एकच उत्तर : “फाइल वर गेलीये.” वर म्हणजे कुठे, तर तिसऱ्या मजल्यावर. जिना मी स्वतः चढून बघितला. वर टाळं होतं. शेवटी विषयाच्या रकान्यात ‘विनोदी भूतपट’ लिहिलं आणि दोन दिवसांत सही झाली. साहेब रजेवरून परतले होते. म्हणाले, “हे आधीच लिहायचं ना!”

पत्र हातात पडलं ९ जूनला. १२ तारखेला शूटिंग आणि १२ तारखेलाच पाऊस.

आमच्या फिल्मची कमजोर बाजू इथूनच सुरू होते. पत्र्यावरच्या पावसाने सगळा आवाज खाल्ला. माणसांचे संवाद पुन्हा डब केले, तर ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. झॉम्बींचं डबिंग मात्र एका दुपारी उरकलं. गुरगुरण्याला ओठ जुळवावे लागत नाहीत. पैसे नसतील तर हा प्रकार का निवडावा, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच. २०१७ साली जपानमध्ये ‘वन कट ऑफ द डेड’ किरकोळ पैशांत निघाला, त्याची सुरुवातच ३७ मिनिटांच्या एका सलग शॉटने होते. आम्हालाही तसंच करायचं होतं. आमचा सगळ्यात लांब शॉट चार मिनिटांचा, तोही छत्री मध्ये आल्यावर संपला.

चौदा पोरांची गर्दी दिसावी म्हणून शर्ट बदलून तीच तीच फिरवली. चौकड्यांच्या शर्टवाला तीनदा मरतो आणि ते कळतं. शिवाय एकांकिकावाल्यांना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय, त्यामुळे त्यांचं मरणंही बाल्कनीला ऐकू जाईल असं. दुपारी एक ते चारचा विनोद आम्ही दोनदा वापरला. दोन्हीदा हशा आला, तरी तो स्वस्तच.

जमलेलं म्हणाल, तर एक प्रसंग. रक्तासाठी गुळाचा पाक, कोको आणि खायचा लाल रंग वापरला होता. १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये चॉकलेट सिरप चाललं, कारण चित्रपट कृष्णधवल होता, आम्हाला रंग घालावाच लागला. वाड्याच्या ओट्यावर मेलेला म्हणून पडलेल्या पोराला मुंग्या लागल्या. बिचारा कट म्हणायची वाट बघत दात आवळून पडला होता. मग आधी पायाचा अंगठा हलला, मग खांदा, आणि तो जो काही उठला, तो अभिनय शिकवून येत नाही. लोक तिथे आधी दचकले, मग खो-खो हसले.

मेकअपबद्दल राहिलंच. मुलतानी माती वाळली की छान भेगा पडतात, पण पावसात दहा मिनिटांत गळून जाते.

परवानगीचं पत्र मी फ्रेम करून लावलंय. त्यात अट क्रमांक ७ अशी : ‘चित्रीकरणादरम्यान भुतांमुळे नागरिकांना उपद्रव होणार नाही, याची अर्जदाराने दक्षता घ्यावी.’